एका लॅपचं पेट्रोल

मी रेसिंग करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की कुठे?" मुलुंडला, आमच्या हॉलमध्ये, जिथे आधी दिवाण होता तिथे. एक लोखंडी सांगाडा, त्यावर गाडीची सीट, पुढ्यात स्टीअरिंग, पायाखाली पेडल आणि नाकासमोर भला मोठा स्क्रीन. इंटरनेटवरून वीस-पंचवीस टीम एकाच ट्रॅकवर उतरतात आणि रेस सहा तास चालते. हे ऐकून लोक गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. सहा तास सोडा, अर्धा तास त्या सीटवर बसून गाडी न ठोकता चालवून दाखवा, मग आपण बोलू.

सहा तास एकटं कुणी चालवत नाही. एका टीममध्ये तिघं, गाडी एक, आळीपाळीने चालवायची. पेट्रोल संपत आलं की गाडी आत घ्यायची, टाकी भरायची आणि माणूस बदलायचा. आमच्या टीममध्ये मी, माझा नवरा आणि माझा धाकटा दीर. दीर राहतात अंधेरीला, तिथे त्यांचा स्वतःचा सेट आहे. टीम त्यांनी काढली, त्यामुळे कॅप्टन तेच. वयाने माझ्याहून लहान असले तरी मी त्यांना भावोजी म्हणते आणि अहो-जाहो करते. ते मला वहिनी म्हणतात आणि सरळ तू करतात. आमच्याकडे असंच आहे. मुलुंडच्या घरी सेट एकच, म्हणून मी आणि नवरा पाठोपाठ कधी चालवत नाही, आमच्या मध्ये भावोजी असतात. तिघांच्या कानाला हेडफोन असतो आणि जो चालवत नाही तो लॅपटॉपवर आकडेमोड करतो.

मी सांगतेय ती सीझनची शेवटची रेस. तिच्या आधी आठवडाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. भावोजींच्या ऑफिसातला बोरिवलीचा एक जण पुढच्या सीझनपासून आमच्या टीममध्ये येणार होता. फास्ट होता, त्यात वादच नाही. पण टीममध्ये जागा तीन आणि माणसं झाली चार. कोण जाणार हे कुणी तोंडाने बोललं नाही. भावोजी एवढंच म्हणाले, "ही रेस होऊ दे, मग ठरवू." त्यात ठरवायचं काय होतं? भावोजी कॅप्टन. नवरा त्यांचा सख्खा मोठा भाऊ, शिवाय माझ्याहून फास्ट. उरलं कोण? मी काही दूधखुळी नाही.

आणि मला ती जागा हवी होती. का हवी होती ते सांगते. दिवसभर मी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवते. घरी आले की कुणाला चहा, कुणाची गोळी, कुणाचा मोजा सापडत नाही. जेवायला बसले तरी दोनदा उठावं लागतं. आठवड्यात ती एकच सीट अशी आहे की तिच्यावर बसल्यावर मला कुणी "जरा ऊठ गं" म्हणत नाही. म्हणून हवी होती. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

आता आमची गाडी. ती हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि सोबतीला बॅटरीवर चालणारी मोटर. ब्रेक दाबला की मोटर गाडीला मागून धरते आणि त्या धरण्यातून बॅटरी भरते. वळणातून बाहेर पडताना तीच बॅटरी गाडीला पुढे ढकलते, आणि तेवढं पेट्रोल वाचतं. किती ढकलायचं ते स्टीअरिंगवरच्या बटणाने ठरवायचं. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात. पेट्रोलची पट्टी फक्त कमी होत जाते. बॅटरीची पट्टी मात्र प्रत्येक लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक फेरीला, खाली जाते, वर येते. सगळी कला या दोन पट्ट्या सांभाळण्यात आहे. नुसतं जोरात चालवणारे खूप असतात, ते चौथ्या तासाला गळतात.

सांभाळून वापरणं मला कुणी शिकवायला नको. माझं माहेर घाटकोपरच्या डोंगरावर. तिथे पाणी पहाटे यायचं, ते जेमतेम तासभर. त्या तासात ड्रम, बादल्या, कळश्या, पातेली, शेवटी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवायची. आणि भरलेल्या ड्रमाला हात लावला तर आई अंगावर यायची. संध्याकाळी कुणी पाहुणा आला तर? उद्या पाणी आलंच नाही तर? ते डोक्यात इतकं मुरलंय की मुलुंडला नळ कधीही सोडला तरी पाणी येतं, तरीही आमच्या बाथरूममध्ये एक बादली कायम काठोकाठ भरलेली असते. नवरा तिला अडखळतो आणि रोज काहीतरी पुटपुटतो.

त्या रविवारी दुपारी बाराला रेस सुरू झाली. सासूबाईंना सकाळीच सांगून ठेवलं होतं की मिक्सर, इस्त्री, गिझर काहीही लावायचं नाही. मागे एकदा त्यांनी भर रेसमध्ये मिक्सर लावला होता आणि घरातले दिवे गेले होते. आधी नवरा बसला, मग भावोजी, मग मी. मी बसले तेव्हा आम्ही सहावे होतो.

आणि मी माझ्या आईची लेक. मी बॅटरी साठवायला लागले. प्रत्येक वळणाला थोडी वापरायची आणि थोडी मागे ठेवायची, म्हणजे कुणी मागून आला तर हाताशी असावी. पट्टी वर वर चढत होती आणि मला छान वाटत होतं. भावोजी कानात म्हणाले, "वहिनी, बॅटरी वापर ना, ठेवतेस कशाला?" मी म्हटलं, "असू द्या, लागेल." मग पट्टी भरली, अगदी काठोकाठ. पुढे सरळ रस्त्याच्या शेवटी डावीकडचं वळण आलं आणि मी नेहमीच्या जागी, नेहमीच्या जोराने ब्रेक दाबला. गाडी थांबेच ना. बॅटरीत जागाच उरली नव्हती, त्यामुळे मोटरने गाडी धरली नाही. उरले नुसते चाकांचे ब्रेक, आणि ते एकट्याने पुरेनात. गाडी सरळ वळणाबाहेरच्या वाळूत गेली.

तिथून रस्त्यावर येईपर्यंत चार गाड्या पुढे निघून गेल्या. भावोजी रागावले असते तर बरं झालं असतं, मी उलट दोन शब्द तरी ऐकवले असते. ते फक्त म्हणाले, "ठीक आहे. चालव." बोरिवलीच्या माणसाला जागा मिळाली, असं मला तिथेच वाटून गेलं.

उरलेला स्टिंट मी मुकाट्याने चालवला आणि गाडी भावोजींच्या हवाली केली. एकदा बसलेल्या माणसाच्या हातात गाडी असते त्या वेळाला स्टिंट म्हणतात. उठले तेव्हा कुर्ता पाठीला चिकटला होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्या मूळच्या मालवणकडच्या, रेसमधलं त्यांना काही कळत नाही, पण चेहरे बरोबर वाचतात. म्हणाल्या, "काय झाला गो? पयला पाणी पी." मी पाणी प्यायले आणि उगाच त्यांच्यावर खेकसले की लसणाच्या साली पंख्याने हॉलभर उडतायत. त्यांनी साली गोळा केल्या.

भावोजी जीव तोडून चालवत होते. त्यांनी पुन्हा सहावी जागा मिळवली, मग नवरा बसला. मी लॅपटॉपवर त्याचे आकडे बघत होते. तो चांगला चालवत होता, एकाला मागे टाकलं, मग दुसऱ्याच्या मागे लागला. हा दुसरा काही वाट देईना. नवरा तसा शांत माणूस, भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करत नाही, पण सीटवर बसला की त्याच्यात कोण शिरतं देव जाणे. त्याने दहा-बारा लॅप त्या गाडीशी झुंज दिली. पेट्रोलची पट्टी भसाभस खाली जाताना मला दिसत होती. मी म्हटलं, "अरे, पेट्रोल बघ." तो म्हणाला, "हो, हो." शेवटी त्याने ती गाडी मागे टाकली, आम्ही चौथे झालो, आणि त्याची टाकी ठरल्यापेक्षा एक लॅप आधी रिकामी झाली. त्याला आत यावं लागलं.

एक लॅप म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण सहा तासांचं सगळं गणित टाकीवर बसवलेलं असतं. तो एक लॅप पुढे कुणीतरी भरून काढायला हवा होता. भावोजींनी त्यांच्या स्टिंटमध्ये काढायला हवा होता, पण काटकसर हा शब्द त्यांच्या कोशात नाही. त्यांनीही टाकी पूर्ण संपवली. त्यांच्यानंतर शेवटचा स्टिंट माझा. म्हणजे तो एक लॅप आला माझ्या गळ्यात. एका टाकीत जेवढे लॅप होतात त्याहून एक जास्त मला करायचा होता.

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू. सीटवर बसता बसता मी नवऱ्याला म्हटलं, "तुझी हौस झाली ना? आता निस्तरायचं मी." मी बसताना तो भावोजींशी वेगळ्या लाईनवर काहीतरी बोलत होता, मग त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि माझ्या उजव्या हाताला प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसला.

भावोजींनी मला दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे शेवटी पुन्हा आत यायचं, थोडं पेट्रोल घ्यायचं आणि बाहेर पडायचं. त्यात वेळ जाणार, आम्ही सातवे-आठवे येणार, पण गाडी शेवटपर्यंत नक्की पोचणार. दुसरा रस्ता म्हणजे आहे त्या टाकीत भागवायचं. नाही भागलं तर गाडी ट्रॅकवर बंद पडणार, आणि बंद पडलेल्या गाडीचं निकालात नावच येत नाही.

"वहिनी, मी म्हणतो आत ये," भावोजी म्हणाले. "रिस्क नको."

मी म्हटलं, "नाही."

"अगं, पुरणार नाही."

"पुरवते."

आठवी आले असते तर मला ठेवायचं काय कारण होतं? वाळूत गाडी घालणारी बाई, वर आठवा नंबर. मला घालवायचंच असेल तर निदान मी काहीतरी करून गेले असं व्हावं. इतका सरळ विचार होता तो, आणि रागात केलेला होता.

नवऱ्याने शांतपणे सांगितलं काय करायचं. वळणातून बाहेर पडताना इंजिन सगळ्यात जास्त पेट्रोल पितं, तिथे बॅटरी पूर्ण वापरायची. वळण यायच्या आधीच पेडलवरचा पाय उचलायचा, गाडी आपल्या गतीने वाहू द्यायची आणि मग ब्रेक दाबून बॅटरी परत भरायची. "काहीच मागे ठेवू नकोस. प्रत्येक लॅपला रिकामी कर. रिकामी असेल तरच भरेल."

सांगायला सोपं आहे. पट्टी लाल झाली की माझा अंगठा आपोआप बटणावर जायचा, बंद करायला. हातावर रट्टा मारावा तसा मी तो मागे घ्यायचे. बॅटरी शून्यावर, आणि पुढे पूर्ण वळण बाकी. काही झालं तर हाताशी काही नाही. मग ब्रेक दाबला की पट्टी सरसर वर यायची आणि मी श्वास सोडायचे. पुन्हा रिकामी, पुन्हा भर.

नवरा दर काही लॅपनंतर आकडा सांगत होता. "अजून पाऊण लॅप कमी पडतोय." मग बऱ्याच वेळाने, "अर्धा." मध्ये एकदा माझा एक ब्रेक चुकला आणि तो म्हणाला, "पुन्हा पाऊण." मी म्हटलं, "नको सांगूस." तो म्हणाला, "सांगितलं पाहिजे." आणि सांगत राहिला.

अर्धा तास उरला असेल तेव्हा मागून एक गाडी जवळ यायला लागली. आधी आरशात ठिपका, मग दिवे, मग पूर्ण गाडी. तिच्याकडे पेट्रोल भरपूर होतं. भावोजी कानात सुरू झाले, "सोडू नकोस वहिनी, अडव त्याला. बॅटरी ठेव अडवायला."

नवरा म्हणाला, "ठेवू नकोस."

"दादा, चौथी जागा जाईल यार."

"जाऊ दे. एकाला अडवायला गेली तर पेट्रोल संपेल."

दोन कानांत दोन भाऊ भांडतायत आणि मधे मी. तेवढ्यात सासूबाई वाटीत खोवलेलं खोबरं घेऊन हॉलच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मिक्सरार वाटप लावू काय गो?" आम्ही दोघं एकदम "नको" म्हणालो. त्या म्हणाल्या, "मगे पाट्यार वाटतंय मी," आणि गेल्या. मला हसू यायला हवं होतं, पण डोळे आरशावर होते.

त्या गाडीला मी जाऊ दिलं. माझ्यासारख्या बाईने, रिक्षाच्या रांगेत कुणी मधे घुसलं तर घर गाठेपर्यंत भांडणाऱ्या बाईने, सरळ बाजूला होऊन वाट दिली. डोळ्यांत पाणी आलं होतं रागाने. आम्ही पाचवे झालो.

"पाव लॅप," नवरा म्हणाला.

मग सगळं तेवढंच उरलं. पाय उचल, वाहू दे, ब्रेक, भर, बाहेर पड, रिकामी कर. बाहेर कुठेतरी कुकरच्या शिट्या होत होत्या, शेजारच्यांच्या. शेवटचा लॅप सुरू झाला तेव्हा पेट्रोलची पट्टी दिसेनाशी झाली होती, नुसता लाल दिवा लुकलुकत होता. मी नवऱ्याला विचारलं, "पुरेल?" तो म्हणाला, "काठावर आहे. मला माहीत नाही." त्याचा आवाज तेव्हा पहिल्यांदा हलला.

शेवटच्या वळणातून बाहेर पडताना इंजिनने आचका दिला. पुन्हा दिला. मग आवाज बंद. बॅटरीत त्या वळणाच्या ब्रेकवर जेवढी भरली होती तेवढीच होती. मी बटण पूर्ण दाबून धरलं आणि गाडी मोटरवर, बिनआवाजाची, सरळ रस्त्यावरून पुढे निघाली. मागून दोन गाड्या येत होत्या. रेषा समोर होती. बॅटरी शून्य झाली, गाडी नुसती घरंगळत होती, आणि मागचा पहिला बाजूला यायच्या आत आमचं नाक रेषेपार गेलं. पाचवे.

मी हेडफोन काढलाच नाही, तशीच बसून राहिले. भावोजी म्हणाले, "वहिनी, तुझ्यापुढे हात टेकले. तुझी जागा पक्की." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. जिंकल्यासारखं वाटत होतं, पाचवी येऊन.

मग भावोजी म्हणाले, "दादा, मग तुझंच नाव काढायचं ना?"

"ठरलंय ना आपलं," नवरा म्हणाला.

मी वळून त्याच्याकडे बघितलं. "काय ठरलंय?"

तो लॅपटॉप बंद करत होता. म्हणाला, "अगं, एक लॅप आधी मी आत आलो. चूक माझी होती. तू बसत होतीस तेव्हाच त्याला सांगितलं, हिने पुरवलं तर माझं नाव काढ."

"आणि नसतं पुरलं तर?"

"तर तू गेली असतीस," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना दोष आहे.

म्हणजे तासभर तो माझ्या शेजारी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मला पाऊण, अर्धा, पाव सांगत होता, आणि प्रत्येक आकड्यागणिक त्याची स्वतःची जागा जात होती. एकदाही आकडा चुकवला नाही. भावोजी म्हणाले तशी मला बॅटरी ठेवू दिली असती तरी पेट्रोल संपून त्याची जागा वाचली असती, कुणाला कळलंही नसतं. आणि मी सीटवर बसता बसता त्याला काय बोलले होते. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याला घट्ट धरून बसावंसं वाटलं. दोन्हींतलं एकही करता येईना. मी म्हटलं, "मला विचारलंस तरी का?"

"विचारलं असतं तर तू आत आली असतीस पेट्रोल घ्यायला."

दर रेसनंतर तो आमची सीट मागे सरकवून ठेवतो. तो उंच, मी बुटकी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला पहिला तोच बसतो. त्या संध्याकाळी मी उठल्यावर त्याने खालच्या कपाटातून पाना काढला आणि सीटपाशी उकिडवा बसला. सीट त्याने मागे नेली नाही. माझ्या मापावरच राहू दिली आणि तिचे चारही बोल्ट एकेक करून आवळायला लागला.

मी त्याच्या डोक्यावर उभी होते. म्हटलं, "इतके घट्ट कशाला आवळतोस? तुला बसायचं झालं तर?"

"हलते गं ती, तू ब्रेक दाबतेस तेव्हा," तो म्हणाला आणि शेवटचा बोल्ट आवळला.